सहाशे अंशांत वर्षानुवर्षे टिकणारा फायबर: बॉयलर चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील औष्णिक वीज केंद्रांचे मुख्य अभियंते,
सहवीजनिर्मिती करणाऱ्या साखर कारखान्यांचे कार्यकारी संचालक,
आणि बाष्पके संचालनालयातील अधिकारी

सप्रेम नमस्कार.

आधी मागणी सांगते, मग कारणे. तुमच्यापैकी कोणीतरी आपल्या एका बॉयलरच्या पेंटहाउसमध्ये, म्हणजे भट्टीच्या छतावरच्या बंदिस्त पोकळीत, तापमान मोजणाऱ्या सध्याच्या थर्मोकपलांच्या शेजारी, उष्णता सोसणारे ग्रेटिंग (काचेत आखलेल्या, तापमान सांगणाऱ्या बारीक रेघा) असलेला ऑप्टिकल फायबर बसवू द्यावा. तो एक अख्खा गाळप हंगाम, किंवा एका ओव्हरहॉलपासून पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत, तिथेच राहू द्यावा. नंतर त्याचे जे झाले असेल ते, चांगले असो की वाईट, आकड्यांसह सर्वांसमोर मांडावे. एवढेच.

माझे काम इन्स्ट्रुमेंटेशनचे. बॉयलरमधले तापमान कंट्रोल रूमच्या पडद्यावर पोचवायचे आणि पडद्यावरचा आकडा खरा आहे की नाही याची काळजी वाहायची, यातच माझी नोकरीची वर्षे गेली. म्हणून हे पत्र तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. तुमच्या अडचणी मला बाहेरून ठाऊक झालेल्या नाहीत.

‘ट्यूब लीकेजमुळे संच बंद’ ही बातमी उन्हाळ्यात वर्तमानपत्रात आली की लोक ती वाचून पुढे जातात. आपल्याला मात्र पुढचे सगळे दिसते. बॉयलर थंड होईपर्यंतची वाट, आत परांची बांधणे, फुटलेली नळी शोधणे, तिच्या वाफेच्या झोताने शेजारच्या किती नळ्या खरवडल्या ते पाहणे, कापाकापी, वेल्डिंग, रेडिओग्राफी, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी). कोळशावरचे संच अचानक बंद पडण्याच्या कारणांत बॉयलरच्या नळ्यांची गळती कायम वरच्या क्रमांकावर असते. नळ्या फुटण्याची कारणे अनेक आहेत: राखेची झीज, गंज, सदोष वेल्ड. पण सुपरहीटर आणि रिहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या, नळ्यांमध्ये एक कारण असे आहे, जे आधी दिसू शकते आणि तरी दिसत नाही. नळी दीर्घकाळ ठरलेल्या मर्यादेपेक्षा थोडी जास्त गरम राहणे, हे ते कारण.

‘थोडी’ म्हणजे किती, याचा हिशेब लार्सन-मिलरच्या सूत्रावर कोणीही करू शकतो. समजा ५८० अंश सेल्सिअसला एका नळीचे क्रीपचे (उष्णतेत ताणाखाली धातू हळूहळू ताणला जाण्याचे) आयुष्य १,००,००० तास आहे. ताण तेवढाच ठेवा, सूत्रातला स्थिरांक नेहमीचा २० धरा, आणि तापमान फक्त १० अंशांनी वाढवा. आयुष्य येते सुमारे ५१,००० तास. निम्मे गेले. आता थर्मोकपलाकडे बघा. आपण सर्रास वापरतो ते के-टाइप, नेहमीच्या दुसऱ्या वर्गाचे, नवे कोरे. प्रमाणानुसार त्याला वाचनाच्या पाऊण टक्का इकडेतिकडे व्हायची मुभा आहे, म्हणजे ५८० अंशांवर सव्वाचार अंशांहून थोडी जास्त. त्याच सूत्रात तेवढाच फरक घातला तर १,००,००० तासांचे ७५,००० तास होतात. थोडक्यात, ज्या दिवशी डब्यातून काढून लावले त्या दिवशीच, काहीही न बिघडता, ते थर्मोकपल नळीच्या आयुष्यातला चौथा हिस्सा लपवू शकते. जुने झाल्यावरची गोष्ट तर वेगळीच.

जुने झाल्यावर काय होते ते पेंटहाउसमध्ये शिरल्यावर दिसते. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. भट्टीच्या छताच्या वर एक बंदिस्त पोकळी असते. सुपरहीटर-रिहीटरच्या नळ्या छतातून वर येऊन तिथल्या हेडरना, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या जाड नळांना, मिळतात. आग आणि वायूचा झोत खालीच राहतो, म्हणून नळ्यांच्या धातूचे तापमान मोजायची थर्मोकपल इथे लावतात. खाली वायूच्या मार्गात लावली तर आपल्या कोळशाची राख त्यांना टिकू देत नाही. ओव्हरहॉलमध्ये मॅनहोल उघडून आत गेले की छताच्या सीलमधून शिरलेली राख पायाखाली असते, कुठे घोट्यापर्यंत, कुठे गुडघ्यापर्यंत. त्या राखेतून केबलांचे जुडगे वर आलेले असतात. आवरणे काळी पडलेली, वाकणावर तडकलेली. टॅगचे पत्रे गळून राखेत गेलेले, त्यामुळे कोणती केबल कोणत्या नळीची हे शोधण्यात अख्खी पाळी जाते. थर्मोकपल नळीला धरून ठेवणाऱ्या एखाद्या पॅडचा वेल्ड सुटलेला असतो आणि थर्मोकपलचे टोक नळीपासून बोटभर दूर हवेत लोंबत असते.

हे लोंबणारे टोक सगळ्यांत धोक्याचे, असे माझे मत आहे. तुटलेले थर्मोकपल निदान पडद्यावर ‘बॅड’ म्हणून दिसते. लोंबणारे टोक आकडा देत राहते. तो आकडा पेंटहाउसमधल्या हवेचा असतो, नळीपेक्षा कमी, बऱ्यापैकी स्थिर, आणि म्हणून कोणाच्याही डोळ्यांत न खुपणारा. शेजारच्या दोन नळ्या अलार्म देतात आणि ही शांत असते. माझ्या पाहण्यातल्या एका केंद्रात अशाच ‘शांत’ नळीवर भरवसा ठेवून बाकीच्या दोन अलार्मना खोटे ठरवले गेले होते.

शिवाय मोजमाप किती नळ्यांचे होते? सुपरहीटरमध्ये नळ्या शेकडो आणि थर्मोकपल काही डझन. प्रत्येक बिंदूला स्वतंत्र केबल, स्वतंत्र छिद्र, स्वतंत्र जोडणी लागते, म्हणून संख्या वाढवायला कोणी धजावत नाही. मधल्या नळ्यांचे तापमान आपण अंदाजाने धरतो. बाष्पकांच्या ज्या विनियमांनी ४०० अंश आणि त्यावर क्रीपच्या पट्ट्यात चालणाऱ्या भागांचे १,००,००० तासांनंतर उर्वरित आयुष्य तपासायला सांगितले आहे, त्या तपासणीचा पायाच नळीने किती काळ किती तापमान भोगले हा आहे. तो इतिहास आपल्याकडे बहुतेक नळ्यांच्या बाबतीत नाही. मग धातूचे नमुने कापून, ऑक्साइडच्या थराची जाडी मोजून, मागे जाऊन तर्क करावा लागतो.

आणि आता काळ बदलतो आहे. पूर्वी ५०० मेगावॉटचा संच एकदा चढवला की दिवसेंदिवस पूर्ण भारावर चालायचा. आता दुपारी सौर वीज येते आणि संच खाली उतरवावा लागतो, संध्याकाळी पुन्हा चढवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनी कोळशावरच्या संचांना ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली चालण्याची तयारी ठेवायला सांगितले आहे. कमी भारावर वाफेचा प्रवाह कमी होतो आणि तो सगळ्या नळ्यांत सारखा वाटला जात नाही. जी नळी पूर्ण भारावर सुखात होती ती अर्ध्या भारावर तापू शकते. जुन्या अनुभवाने निवडलेले थर्मोकपलचे बिंदू नव्या चालण्याला पुरतील, याची खात्री कोणी द्यायची? चंद्रपूरचे ५०० मेगावॉटचे संच असोत की कोराडीचे ६६० मेगावॉटचे सुपरक्रिटिकल, हा प्रश्न सगळ्यांपुढे सारखाच आहे.

आता फायबरकडे येते. दूरसंचाराचा साधा फायबर १२५ मायक्रॉन जाडीचा, शुद्ध सिलिकाचा, आणि मधोमध आठ-नऊ मायक्रॉनचा जर्मेनियम मिसळलेला गाभा. त्या गाभ्यावर लेसरने ठरावीक अंतराने अपवर्तनांक किंचित वाढवलेल्या रेघा आखल्या की झाले ब्रॅग ग्रेटिंग. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी दोन रेघांतले अंतर अर्ध्या मायक्रॉनहून जरा जास्त, म्हणजे एका सेंटीमीटरच्या ग्रेटिंगमध्ये अठरा हजारांवर रेघा. हे ग्रेटिंग एकाच तरंगलांबीपुरता आरसा बनते आणि बाकीचा प्रकाश पुढे जाऊ देते. फायबर तापला की काचेचा अपवर्तनांक वाढतो, काच थोडी प्रसरण पावते, आणि परत येणारी तरंगलांबी सरकते. साध्या तापमानाला दर अंशामागे सुमारे १० पिकोमीटर, वरच्या तापमानाला त्याहून जास्त. घरच्या तापमानापासून ६०० अंशांपर्यंत गेल्यास साधारण ८ नॅनोमीटरची सरक होते. प्रत्येक ग्रेटिंगची तरंगलांबी वेगळी ठेवली तर एकाच फायबरवर अनेक बिंदू मोजता येतात. ८० नॅनोमीटरचा पट्टा वाचणारे यंत्र असेल आणि प्रत्येक बिंदूला १० नॅनोमीटरची मोकळी जागा दिली, तर एका फायबरवर आठ. सोळा चॅनेलांच्या यंत्रावर शंभरावर बिंदू. आणि पेंटहाउसच्या भिंतीतून बाहेर येतात ते फक्त सोळा बारीक तंतू. त्यात वीज नाही, त्यामुळे मोटारींचा, वेल्डिंगचा, अर्थिंगचा उपद्रव नाही.

ही विद्या नवी नाही. १९७८ मध्ये कॅनडात ओटावाच्या कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमध्ये केन हिल आणि सहकाऱ्यांना फायबरमध्ये आर्गॉन लेसरचा प्रकाश सोडताना दिसले की परत येणारा प्रकाश हळूहळू वाढतो आहे. प्रकाशाने काचेतच ग्रेटिंग आखले जात होते. १९८९ मध्ये अमेरिकेत मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन यांनी बाजूने अतिनील किरणांचा पट्टेदार प्रकाश टाकून हव्या त्या तरंगलांबीचे ग्रेटिंग आखायची रीत दाखवली. पूल, धरणे, विमानाचे पंख, सगळीकडे ही ग्रेटिंग गेली. बॉयलरमध्ये मात्र ती शिरू शकली नाहीत, कारण साधे अतिनील ग्रेटिंग तापवले की पुसले जाते. काचेतले जे दोष लेसरने निर्माण केलेले असतात ते उष्णतेने भरून येतात. १९९४ मध्ये बेल लॅब्जच्या टुरान एर्डोगन आणि सहकाऱ्यांनी या पुसले जाण्याचे गणित मांडले: काही दोष कच्चे असतात ते लगेच जातात, काही पक्के असतात ते उशिरा. सुमारे ३०० अंशांपर्यंत अशा ग्रेटिंगवर दीर्घकाळ विसंबता येते. ५००-६०० अंशांत ती मावळत जातात. आपले पेंटहाउस नेमके याच पट्ट्यात आहे.

उष्णता सोसणारे ग्रेटिंग बनवायच्या आज दोन-तीन वाटा आहेत, आणि त्यातली एक मला विशेष जवळची वाटते, कारण तिच्यात आपल्या माणसाचा हात आहे. २००८ मध्ये कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेचे सोमनाथ बंद्योपाध्याय आणि सिडनीचे जॉन कॅनिंग व सहकारी यांनी १९३ नॅनोमीटरच्या लेसरने लिहिलेल्या साध्या ग्रेटिंगमधून १००० अंशांपलीकडे टिकणारे ग्रेटिंग मिळवून दाखवले. त्याच वर्षी त्याच गटाने १२९५ अंशांपर्यंतच्या चढउतारात टिकलेले ग्रेटिंगही जाहीर केले. पद्धत अशी: फायबर आधी दाबाखालच्या हायड्रोजनमध्ये ठेवायचा, मग नेहमीसारखे ग्रेटिंग आखायचे, आणि मग भट्टीत घालून ९०० अंशांच्या आसपास न्यायचे.

त्या वेळी स्पेक्ट्रमच्या पडद्याकडे बघत बसलेल्याला जे दिसते ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तापमान चढते तसे शिखर उजवीकडे सरकत जाते आणि ठेंगणे होत जाते. काही वेळाने ते गोंधळाच्या रेषेत बुडते. पडदा सपाट. नवखा माणूस इथे भट्टी बंद करील. पण तापमान तसेच धरून ठेवले तर काही मिनिटांनी त्याच जागेजवळ एक बारीक टोक वर येते, वाढते आणि स्थिरावते. पहिल्याइतके उंच ते क्वचितच होते. पण हे नवे ग्रेटिंग आता त्याच उष्णतेत जन्मलेले असते, ६०० अंश त्याला जाचत नाहीत. हे नेमके का घडते यावर अजून एकमत नाही. गाभा आणि भोवतालची काच यांच्यामधला ताण, हायड्रोजनने मागे ठेवलेले बदल, काचेच्या रचनेतले फेर, अशी वेगवेगळी स्पष्टीकरणे मांडली जातात.

दुसरी वाट फेमटोसेकंद लेसरची. याच ओटावाच्या केंद्रात स्टीफन मिहाइलोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अवरक्त फेमटोसेकंद स्पंदांनी ग्रेटिंग आखले. स्पंदाची तीव्रता पुरेशी ठेवली की काच कायमची बदलते, दोष भरून येण्याचा प्रश्नच उरत नाही. अशी ग्रेटिंग १००० अंशांवर १५० तास ठेवून तपासलेली आहेत. तिसरी वाट नीलमणी फायबरची, जिथे सिलिकाच हरते तिथली. नीलमणी २००० अंशांच्या पलीकडे वितळतो. जेट इंजिनवाल्यांना तो लागेल. आपल्याला आज त्याची गरज नाही. त्याचे परतणारे शिखर रुंद, जोडणी अवघड, किंमत भारी.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. शोधनिबंधांत जे विक्रम आहेत ते तापमानाचे आहेत. आपली गरज काळाची आहे. १२९५ अंश बॉयलरच्या कोणत्याही नळीला सोसायचे नाहीत. ५४० अंशांची वाफ वाहणाऱ्या नळीचा धातू सहाशेच्या आसपास गेला की आपण हवालदिल होतो. पण १५० तास म्हणजे आपले सहा दिवस. आपल्याला हवी आहेत वर्षे, आणि तीसुद्धा राखेत, कंपनात, रोजच्या भाराच्या चढउतारात, कधी संच अचानक बंद पडला की एकदम थंड होण्यात. हा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेच्या भट्टीत पुरता करता येणार नाही. भट्टी स्वच्छ असते, तिला कोणी पाण्याने धूत नाही, तिच्यात कोणी परांची बांधत नाही, फायबरवर कोणाचा पाय पडत नाही. संशोधकांनी त्यांच्या बाजूने जे करायचे ते बरेचसे केलेले आहे. पुढचा भाग बॉयलरवाल्यांच्या हातात आहे, आणि म्हणून हे पत्र संशोधन संस्थांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

यात काय बिघडू शकते तेही सांगायला हवे, नाहीतर तुम्ही मला विक्रेती समजाल. फायबरवरचे प्लास्टिकचे आवरण इतक्या उष्णतेत जळून जाते. पॉलिइमाइड ३०० अंशांपर्यंत बरे, सोन्याचा मुलामा सातशेच्या जवळपास, पण तो महाग. उघडा फायबर, त्यातही ९०० अंशांतून गेलेला, फार ठिसूळ होतो. बोटाच्या धक्क्याने तुटेल. म्हणून तो बारीक सिरॅमिक नळीत आणि ती इन्कोनेलच्या नळीत, असे दुहेरी कवच लागते. ग्रेटिंगला ताणही कळतो: दहा मायक्रोस्ट्रेन म्हणजे साधारण एक अंशाचा घोटाळा. तेव्हा आतला फायबर एकाच टोकाला धरलेला आणि बाकी मोकळा हवा. सिलिकाला अल्कली क्षारांचे वावडे आहे. सोडियम-पोटॅशियमचा संसर्ग झाला की वरच्या तापमानात काच स्फटिकरूप घ्यायला लागते आणि तडकते. बगॅसच्या (उसाच्या चोयट्यांच्या) राखेत पोटॅशियम असते, तेव्हा कवच हवाबंद असलेच पाहिजे. बसवणाऱ्याने उघड्या हाताने फायबर धरला तरी घामातले क्षार लागतात. अंशांकन (तरंगलांबीवरून अंश ठरवणे) सरळ रेषेत नसते, बहुपदी बसवावी लागते. वाचन यंत्राची किंमत एका बिंदूसाठी परवडणार नाही. बिंदू शंभराच्या घरात गेले तरच हिशेब जुळू लागतो. आणि ग्रेटिंग पुसले गेले नाही तरी त्याची तरंगलांबी हळूहळू घसरू शकते. किती घसरते, हेच तर बॉयलरमध्ये ठेवून पाहायचे आहे.

साखर कारखान्यांना या पत्रात मुद्दाम सामील केले आहे. औष्णिक केंद्राचा संच एकदा चालू झाला की पुढचा ओव्हरहॉल केव्हा, हे ग्रीड ठरवते. कारखान्याचे तसे नाही. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटतो, गाळप संपले की विझतो, आणि मग पावसाळाभर उघडा असतो. सहवीजनिर्मितीचे उच्च दाबाचे बॉयलर ५१० ते ५४० अंशांच्या वाफेवर चालतात, म्हणजे पट्टा आपल्याला हवा तोच. सहा महिने उष्णतेत, सहा महिने आपल्या हातात: चाचणीसाठी याहून सोयीचे वेळापत्रक मिळणार नाही. ऑफ सीझनमध्ये फायबर काढून, तपासून, पुन्हा लावता येतो. पहिल्या हंगामात चूक झाली तर दुसऱ्या हंगामाच्या आधी सुधारता येते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने मध्यस्थी करून एखाद-दोन कारखाने निवडले तर काम खूप सोपे होईल.

चाचणी कशी असावी याचे माझे मत मांडते. तुम्हाला यात दुरुस्त्या सुचतील, त्या हव्याच आहेत. बिंदू आठ, एकाच फायबरवर. प्रत्येक ग्रेटिंगच्या पॅडवर शेजारी नवे एन-टाइप थर्मोकपल, कारण के-टाइप नेमके ३०० ते ५५० अंशांच्या पट्ट्यात स्वतःच थोडे भरकटते. आठांपैकी निम्मी ग्रेटिंग भट्टीत पुनर्जन्म घेतलेली, निम्मी फेमटोसेकंद लेसरची, म्हणजे दोन्ही रीती एकाच राखेत तपासल्या जातील. लावण्याआधी प्रत्येकाचे जस्त आणि ॲल्युमिनियमच्या गोठणबिंदूंवर अंशांकन: ४१९.५२७ आणि ६६०.३२३ अंश. आपला कामाचा पट्टा या दोहोंच्या मध्ये नीट बसतो. हंगाम संपला की बाहेर काढून पुन्हा त्याच दोन बिंदूंवर तपासायचे. फरक किती पडला, तोच निकाल. वाचने डीसीएसमध्ये (संच चालवणाऱ्या नियंत्रण प्रणालीत) घेऊ नका. ट्रिप (संच आपोआप बंद होणे) किंवा अलार्मशी त्यांचा संबंध नको. स्वतंत्र संगणकावर नोंद होऊ द्या. चाचणी फसली तरी संचाला त्याचा पत्ताही लागता कामा नये.

बसवण्याच्या क्रमाबद्दल एक सांगते, कारण इथे घाई झाली तर सगळे वाया. नळी टी-९१ सारख्या मिश्रधातूची असेल तर पॅडच्या वेल्डला आधी तापवणे आणि नंतर ७५० अंशांच्या आसपासचा उष्मोपचार लागतो. हे सगळे संपून, हायड्रो टेस्ट होऊन, परांची उतरल्यावर शेवटी फायबर कवचात सरकवायचा. सगळ्यांत शेवटी म्हणजे खरोखर शेवटी. फिटर लोक बाहेर पडल्यानंतर, मॅनहोल बंद व्हायच्या आधी.

बाष्पके संचालनालयाकडे माझी मागणी छोटी आहे. दाबाखालच्या भागावर वेल्ड करायचा म्हटले की परवानगी लागते, आणि ती लागलीच पाहिजे. पण चालू पॅडच्याच नकाशात, मान्य वेल्डिंग पद्धतीने, प्रायोगिक पॅड लावण्यासाठी एक सोपा ठरलेला नमुना जाहीर झाला तर प्रत्येक कारखान्याला नव्याने पत्रव्यवहार करावा लागणार नाही. १९२३ चा जुना कायदा जाऊन आता २०२५ चा बाष्पक कायदा आलेला आहे. नव्या कायद्याच्या पहिल्या वर्षांतच अशा मोजमापाला जागा करून देणे तुमच्या अखत्यारीत बसते. पुढे उर्वरित आयुष्याच्या तपासणीत प्रत्यक्ष मोजलेला तापमानाचा इतिहास पुरावा म्हणून धरता येईल का, याचाही विचार सुरू व्हावा.

माणसे कुठून आणायची, असे कोणी विचारील. ग्रेटिंग आखायची विद्या देशात आहे. कोलकात्याच्या संस्थेचा उल्लेख वर आलाच. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात तांब्याच्या बाष्पाच्या लेसरपासून २५५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मिळवून ग्रेटिंग आखण्याचे काम झालेले आहे. फायबर तर आपल्या दारातच ओढला जातो: छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा इथे. स्प्लायसिंग करणारी मुले आज तालुक्या-तालुक्यांत आहेत. रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसून ती जो जोड मारतात तोच जोड पेंटहाउसच्या बाहेरच्या जंक्शन बॉक्समध्ये लागतो. इन्कोनेलच्या नळीचे कवच बनवणे हे पुणे-चाकण-भोसरीच्या कोणत्याही चांगल्या थर्मोकपल कारागिराला जमण्यासारखे आहे. त्यांना फायबरचा धाक वाटतो, तो एका पाळीत जाईल. कमी आहे ती एका उघड्या मॅनहोलची.

‘थर्मोकपल चालतेय ना, मग कशाला?’ हा प्रश्न मला अनेक बैठकांत विचारला गेला आहे आणि तो रास्त आहे. थर्मोकपल काढून टाका असे मी म्हणतच नाही. ट्रिपच्या साखळीत ते राहावे. माझा प्रश्न त्या शेकडो नळ्यांबद्दल आहे ज्यांच्यावर थर्मोकपल कधी लागलेच नाही आणि लागणारही नाही. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग कोणाकडे असेल तर तोही या चाचणीत शेजारी लावू या. मला त्यात आनंदच आहे.

आणखी एक विनंती आहे ती निकालाबद्दल. आपल्याकडे चाचणी यशस्वी झाली की फलक लागतो आणि फसली की फाइल बंद होते. इथे तसे होऊ देऊ नका. आठपैकी पाच ग्रेटिंग तुटली तर कुठे तुटली, कवचाच्या तोंडाशी की आत, कोणत्या महिन्यात, त्या दिवशी संच अचानक बंद पडला होता का, हे सगळे लिहून काढा. पुढच्या कारखान्याला तेच उपयोगी पडेल. आकडे कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाला मागितल्यावर मिळावेत. इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना खऱ्या बॉयलरची हंगामभराची नोंद हाताळायला मिळाली, तर त्यांच्या प्रकल्पांना काही अर्थ येईल.

येत्या ऑफ सीझनची कामे ठरवण्यासाठी कारखान्यांत आणि पुढच्या ओव्हरहॉलची यादी करण्यासाठी केंद्रांत बैठका होतीलच. त्या यादीत ‘पेंटहाउस, आठ प्रायोगिक पॅड’ अशी एक ओळ घाला. ज्यांची तयारी असेल त्यांनी कळवावे. पॅडचा नकाशा, कवचाचे माप आणि अंशांकनाची पद्धत लिहून द्यायला, आणि मॅनहोल बंद होण्याआधी फायबर सरकवायला, मी स्वतः येईन.

आपली,
एक इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता
पुणे